‘स्वयंरोजगार’ या शब्दाशी माझे भांडण

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. तेव्हापासून आपल्या सभा-संमेलनांत एक वाक्य पाठ झाले आहे. वक्ता कुठल्याही पक्षाचा असो, मौलाना असो की प्राध्यापक, पाण्याचा घोट घेऊन तो म्हणतो, “मुसलमान नोकरीच्या मागे धावत नाही, तो स्वयंरोजगार करतो.” टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत गॅरेजवाले असतात, हातगाडीवाले असतात, दिवसभर मशीनवर वाकून आलेले शिंपी असतात. कुणीतरी आपल्याला स्वावलंबी म्हटले याचे त्यांना बरे वाटते. एरवी आपल्याविषयी चांगले बोलायला लोकांना सुचते कुठे?

मला या शब्दाची चीड आहे. गेली वीस वर्षे हा शब्द आपल्या कष्टांवर झाकण घालून बसला आहे. झाकण विद्यापीठांनी घडवले, सरकारने वापरले आणि आपण ते डोक्यावर घेऊन मिरवले.

आधी आकडे पाहू. समितीने २००४-०५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीचा आधार घेतला होता. त्यानुसार कामकरी मुसलमानांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात होते, हिंदूंमध्ये हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते. शहरांत नियमित पगारी कामावर असलेले मुसलमान २७ टक्क्यांहूनही कमी; अनुसूचित जाती-जमातींमध्ये ३६ आणि उच्चजातीय हिंदूंमध्ये ४९ टक्के. म्हणजे ज्याला आपण स्वावलंबन म्हणून मिरवतो ती पगाराच्या दारातून परत आलेल्यांची रांग आहे. सच्चर समितीला मी दोष देत नाही. तिने हाती असलेल्या आकड्यांवर काम केले आणि या कामातली असुरक्षितता स्पष्ट लिहिली. दोष तिच्यानंतरच्यांचा, ज्यांनी अहवालातला शब्द उचलला आणि त्याच्या आत काय आहे ते उघडून पाहिले नाही.

आत काय आहे? सरकारी पाहणी करणारा कर्मचारी जेव्हा दारात येतो तेव्हा त्याच्याजवळ सांकेतिक आकडे असतात. स्वतःच्या बळावर धंदा करणारा म्हणजे ११. पगारी माणसे ठेवून धंदा करणारा मालक म्हणजे १२. घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारा म्हणजे २१. हे तिन्ही आकडे पुढे एकाच बेरजेत जातात आणि त्या बेरजेचे नाव स्वयंरोजगार. चार गाळ्यांचा मालक आणि त्याच्या शेजारी दहा वर्षांपूर्वीच्या उधारीत अडकलेला पंक्चरवाला दोघेही स्वयंरोजगारित. आणि बापाच्या दुकानात शाळा सोडून बसलेला, ज्याला ईदला कपडे आणि एरवी शिव्या मिळतात, तो मुलगाही स्वयंरोजगारित! ‘स्वयं’ म्हणजे स्वतः. त्या मुलाचे स्वतःचे काय आहे तिथे? हातातला पानासुद्धा बापाचा.

शागिर्दाची गंमत तर आणखी पुढची आहे. बारामतीच्या कुठल्याही मोठ्या रस्त्याला संध्याकाळी फिरा. ट्रॅक्टरखाली उताणा झोपलेला, ऑइलने काळा झालेला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा दिसेल. त्याला पगार नसतो, ‘खर्ची’ असते. शनिवारी उस्ताद खिशात हात घालतो आणि जे हाताला लागेल ते देतो. पाहणीच्या व्याख्येप्रमाणे मोबदला घेणारा शिकाऊ हा नियमित पगारी कामगारांत धरला जातो. म्हणजे खर्चीवर जगणारा हा पोरगा कारखान्यातल्या कायम कामगाराच्या रकान्यात बसू शकतो. भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, बोट तुटले तर भरपाई नाही, पण रकाना तोच. असे रकाने ज्यांनी आखले त्यांनी गॅरेज बाहेरून तरी पाहिले होते का, असा प्रश्न मला पडतो.

इंदापूरकडे या. डाळिंबाचा पट्टा आहे. आपले बागवान उभी बाग उक्ती घेतात. फळ झाडावर असतानाच सौदा ठरतो, इसार द्यावा लागतो, उरलेली रक्कम तोडणीच्या वेळी. इसाराचा पैसा बहुतेक वेळा बागवानाचा नसतोच; तो बाजारातल्या आडत्याचा असतो आणि त्या बदल्यात माल त्याच्याच गाळ्यावर घालायचा असतो. मग तेल्या रोग येतो. फळावर डाग पडतो, फळ तडकते आणि व्यवहार तिथल्या तिथे फिरतो. शेतकऱ्याचे नुकसान निदान तलाठ्याच्या पंचनाम्यात येते. आडत्याची वसुली पुढच्या बहारावर जाते. मधल्या बागवानाचे नुकसान कुठल्याही कागदावर येत नाही, कारण कागदाच्या लेखी तो ‘व्यापारी’ आहे. ज्याचा माल कुठे जायचा ते दुसरा ठरवतो, भाव दुसरा ठरवतो, भांडवल दुसऱ्याचे आणि जोखीम तेवढी ज्याची, त्याला व्यापारी म्हणायचे की मजूर? अर्थशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने इंदापूरच्या बाजारात एक हंगाम बसून हा हिशेब मांडला असता तर ‘स्वयंरोजगार’ हा शब्द उच्चारताना पुढच्या वक्त्याची जीभ अडखळली असती.

अभ्यासकांना हा भाग ठाऊकच नाही असे मात्र कुणी म्हणू नये. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८० च्या दशकात इकडे आले. त्या पाण्यावर ऊस आला, गूळ आला, वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर वालचंदनगर उभे केले आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले : माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती. जगभरच्या विद्वानांना या प्रयोगाचे कुतूहल वाटले. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे डोनाल्ड अॅटवुड यांनी माळेगाव परिसरात वर्षानुवर्षे काम करून १९९२ मध्ये उसाच्या राजकीय अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. बी. एस. बाविस्करांनी कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास केला, तो १९८० मध्ये ग्रंथरूपाने आला. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने खानदेशातून गुजरातच्या बारडोलीला जाणाऱ्या ऊसतोड मजुरांची फरफट जगापुढे मांडली. ही सारी मोलाची कामे आहेत आणि मी त्यांच्याबद्दल आदरानेच बोलतो.

पण प्रश्न काय होते ते पाहा. लहान आणि मोठा ऊसउत्पादक एकाच संस्थेत कसे नांदतात, संचालक मंडळ कुणाच्या हातात जाते, तोडणी मजुराला काय मिळते. एका टोकाला जमीन असलेला सभासद, दुसऱ्या टोकाला कोयता घेतलेला मजूर. मधला माणूस कुणाच्याच प्रश्नात नव्हता. गळीत हंगाम सुरू झाला की रात्री दोन वाजता ऊस भरलेल्या ट्रॉलीचा आख तुटतो, हूक निसटतो, पाटा मोडतो. कारखान्याच्या आवारातली गाडी गव्हाणीपाशी पोहोचलीच पाहिजे, नाहीतर ऊस वाळतो, वजन घटते, शेतकरी बोंब मारतो. त्या वेळी ज्याला झोपेतून उठवतात तो वेल्डर, तो मिस्त्री कोण असतो? पुष्कळदा तो शेख असतो, मुलाणी असतो, तांबोळी असतो. बाप पानाच्या टपरीवर बसे, पोरगा वेल्डिंगची टोपी घालून बसला, एवढाच फरक. कारखान्याची यंत्रणा अशी आवाराच्या भिंतीबाहेर पाच-दहा मैल पसरलेली असते. अभ्यास मात्र फाटकाशी थांबतो, कारण संस्थेचा शिक्का फाटकाच्या आत असतो.

याला कुणी जातीयवाद म्हणेल. मी म्हणत नाही. सहकारात मुसलमानाला अडवणारी पाटी कुठेच नव्हती. सभासद व्हायचे तर ऊस हवा, ऊस हवा तर पाण्याखालची जमीन हवी. मुलाण्याच्या वाट्याला इनामाचा एखादा तुकडा, तोही चार भावांत फाटलेला. आतार कुंकू-बुक्का-नाडे विकत गावोगाव हिंडणारा, त्याच्या पायाखालचा रस्ता तेवढा त्याचा. शेअर नाही म्हणून मत नाही, मत नाही म्हणून संचालकाची ओळख नाही आणि ओळख नाही म्हणून हंगामी कामावरची चिठ्ठी नाही. कुणीही वाईट न वागता एक समाज बाहेर राहतो. संस्था कशा चालतात याचे शास्त्र शिकवणाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट उलगडून दाखवायची असते.

नोकरीतल्या भेदभावावर संशोधन झालेच नाही असेही नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा निबंध ऑक्टोबर २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. थोरात आपल्याच महाराष्ट्राच्या मातीतले, आंबेडकरी परंपरेतले अर्थतज्ज्ञ. त्यांनी वर्तमानपत्रातल्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, नाव तेवढे वेगळे : एक उच्चजातीय हिंदू, एक दलित, एक मुसलमान. उच्चजातीय नावाला बोलावणे येण्याची संधी १ धरली तर दलित नावासाठी ती ०.६७ निघाली आणि मुसलमान नावासाठी ०.३३. याच काळात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले, की ‘आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो’ म्हणणारा अधिकारी पुढच्याच वाक्यात उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारतो.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा असाच अभ्यास आला. दिल्ली परिसरातल्या सॉफ्टवेअर आणि कॉल सेंटरच्या ३७१ जागांसाठी ३१६० अर्ज. त्यात मुसलमान नावाविरुद्ध भेदभावाचा पुरावा मिळाला नाही. आपले लोक थोरातांचा आकडा सांगतात आणि हा गिळून टाकतात. गिळायचे कारण नाही. दोन्ही अभ्यास जाहिरात पाहून अर्ज करणाऱ्या उमेदवारांविषयी आहेत. बारामती-इंदापुरात कामासाठी जाहिरात पाहून किती जण अर्ज करतात? औद्योगिक वसाहतीतले काम ठेकेदारामार्फत मिळते, ठेकेदाराला माणूस मेहुणा आणून देतो, मेहुण्याला चहाच्या टपरीवर कळलेले असते. इथे नाकारले जाण्यासाठी अर्ज करावाच लागत नाही. बातमीच तुमच्यापर्यंत येत नाही. अशा दाराचे मोजमाप दिल्लीच्या पाकिटांनी होणार नाही, त्यासाठी टपरीवर बसावे लागेल.

आणि एक गोष्ट दिल्लीकरांना दिसणेच शक्य नव्हते. त्यांच्या अर्जावरचे मुसलमान नाव फक्त धर्म सांगते. आपली आडनावे धंदा सांगतात. आतार, बागवान, तांबोळी, मणियार, शिकलगार, पिंजारी, कलईगर, मुलाणी. हा मराठी मुसलमानाच्या श्रमाचा दस्तऐवज आहे आणि तो आपण रोज सहीत लिहितो. १८८५ चे पुणे जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर काढा. त्यात यातल्या अनेकांच्या वेगळ्या नोंदी आहेत. गोऱ्या साहेबाच्या लेखणीत तुच्छता आहे, अमका आळशी नि तमका व्यसनी असले शेरे आहेत. तरी माणूस काय काम करतो हे त्याने लिहिले. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाड्या’तही मुलाणी आहे. स्वातंत्र्यानंतरच्या संशोधनात काय झाले? आपण ‘मुस्लिम’ या एकाच शब्दात विरघळलो. मुसलमानावर प्रबंध निघतो तो तलाकवर, बुरख्यावर, मदरशावर, दंगलीवर. श्रमावर प्रबंध निघतो तेव्हा त्यात मुसलमान ‘इतर’ असतो. मशिदीत गेलेला मुसलमान त्यांना दिसतो. तोच माणूस मशिदीतून बाहेर पडून कलईच्या भट्टीवर तापलेल्या भांड्यात नवसागर टाकायला बसला की अदृश्य होतो.

माझ्या भाचीची गोष्ट सांगतो. व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीसाठी तिला प्रकल्प करायचा होता. ती म्हणाली, मामू, मी आपल्या रस्त्यावरच्या गॅरेजांवर करते. उस्ताद पोरगा कसा निवडतो, काम कुठल्या क्रमाने शिकवतो, पोरगा वेगळा धंदा कधी काढतो. मला विषय फार आवडला. तिच्या मार्गदर्शकांना आवडला नाही. कॉलेजचे नाव घेत नाही, कारण दुसरीकडेही हेच घडले असते. ते म्हणाले, “ही ऑर्गनायझेशन नाही. हजेरीपट नाही, पदांची उतरंड नाही, एचआर नाही. तू कुठल्या कंपनीत कर्मचारी-समाधान घे.” तिने घेतले. पन्नास कामगारांना वीस प्रश्न, प्रत्येकाला पाच पर्याय, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. पर्यवेक्षक शेजारी उभा. निष्कर्ष निघाला की कामगार समाधानी आहेत! प्रकल्पाला चांगले गुण पडले. तिच्या पाठ्यपुस्तकात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याचे प्रयोग आहेत. १९२४ साली तिथले दिवे कमी-जास्त केल्यावर बायका-पुरुषांच्या कामावर काय परिणाम झाला, हे आमच्या पोरींना तोंडपाठ. घरासमोरच्या गॅरेजात दिवा आहे की नाही, ते परीक्षेत येत नाही.

त्या सरांना मला दोन पुस्तके दाखवायची होती. डग्लस हार्पर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागातल्या एका, फक्त एका, दुरुस्तीवाल्यावर अख्खे पुस्तक लिहिले. १९८७ साली विद्यापीठाने ते छापले. त्या मिस्त्रीच्या हाताला लोखंड कसे कळते, मोडक्या मोटारीचा भाग तो दुसरीकडे कसा बसवतो, गिऱ्हाइकाशी त्याचा पैशाचा हिशेब कसा असतो, एवढाच विषय. दुसऱ्या जीन लेव्ह. या बाई १९७० च्या दशकात लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया येथे शिंप्यांच्या गल्लीत जाऊन बसल्या. तिथले ते शिंपी मुसलमान होते, म्हणजे आपल्याच शिंपीदादांचे आफ्रिकेतले भाईबंद. बाईंनी पाहिले की शागीर्द आधी तयार कपड्याला इस्त्री करतो, बटण लावतो, मग शिलाई शिकतो आणि कापायला कात्री सर्वांत शेवटी हातात येते. कपडा ज्या क्रमाने तयार होतो त्याच्या बरोबर उलट क्रमाने शिक्षण होते. आधी पूर्ण कपडा डोळ्यांत भरतो, चूक झाली तरी कापड वाया जात नाही. यातून लेव्ह बाईंनी माणूस कसा शिकतो याचा सिद्धान्त मांडला आणि १९९१ मधल्या त्यांच्या पुस्तकानंतर तो जगभरच्या विद्यापीठांत पोहोचला. आमच्याकडे कुठल्याही शिंप्याला विचारा, पोरगा पहिल्या दिवशी काय करतो? काज-बटण आणि तुरपाई. कात्रीला हात लावला तर चापट. तोच सिद्धान्त बारामतीच्या गल्लीत पडलेला होता, उचलायला कुणी वाकले नाही.

इंग्लंडच्या बार्बरा हॅरिस-व्हाइट यांनी तमिळनाडूतल्या अरणी या गावात दशकानुदशके पुन:पुन्हा जाऊन तिथला बाजार अभ्यासला. धर्म, जात, बाई-पुरुष हे भेद बाजार कसे चालवतात हे त्यांनी २००३ च्या ग्रंथात मांडले. अरणी काही मुंबई-मद्रास नाही, तालुक्याचे गाव. बारामतीची अरणी करायला कुणी आले नाही. विकासाचे मॉडेल पाहायला मात्र बसगाड्या भरभरून येतात.

आता आपल्याकडे वळतो, कारण दुसऱ्याला शिव्या घालून आपली जबाबदारी संपत नाही.

आपण स्वतः आपली मोजणी टाळली आहे. घरातल्या बाईपासून सुरुवात करा. सच्चर अहवालाप्रमाणे कामकरी मुस्लिम स्त्रियांपैकी ७० टक्के घराच्या चार भिंतींत काम करीत होत्या. सर्व समाजांचे मिळून हे प्रमाण ५१ टक्के होते. त्याही नोंदल्या गेलेल्या. पाहणीवाला दारात आला की उत्तर द्यायला पुरुष पुढे होतो. “घरवाली क्या करती?” “कुछ नई, घर में रहती.” झाले. घरकाम करणारी म्हणजे आकडा ९२, घरकाम सांभाळून घरच्यापुरते शिवणटिपण करणारी म्हणजे ९३, आणि हे दोन्ही आकडे कामकऱ्यांच्या गणतीबाहेर. ती रात्री साडीला फॉल-पिको करते, त्या पैशांतून पोराची फी जाते, पण बायको कमावते हे परक्यासमोर कबूल करायची आपल्याला शरम वाटते. ही शरम कुठल्या दिल्लीच्या विद्वानाने शिकवली नाही.

उस्तादांबद्दलही बोलले पाहिजे. उस्ताद-शागीर्द नात्याचे आपण फार गोडवे गातो. त्या नात्यात माया असते हे खरे, मी पाहिली आहे. त्याच नात्यात सात-सात वर्षे फुकट राबवून घेणेही असते. २०१६ च्या दुरुस्तीने कायद्यानेच चौदा वर्षांखालच्या मुलाला शाळेच्या वेळेबाहेर ‘कौटुंबिक उद्योगात’ मदत करायची मुभा दिली. आपल्याकडे पुतण्या, भाचा, मोहल्ल्यातला पोर, सगळेच कुटुंब. आपल्या जमातींच्या बैठकांत निकाहाच्या खर्चावर ठराव होतात. शागिर्दाला आठवड्याची सुट्टी असावी, असा ठराव झालेला मी तरी ऐकला नाही.

मोजणी नसल्याची किंमत काय असते ते २०२५ साली दिसले. मार्चमध्ये राज्यातल्या एका मंत्र्यांनी झटका मटणाच्या दुकानांसाठी ‘मल्हार प्रमाणपत्र’ जाहीर केले. लगेच वाद पेटला. दोन्ही बाजूंनी धर्मग्रंथ निघाले, हलाल-झटक्याचे शास्त्र निघाले. गावोगावच्या मटणाच्या धंद्यात हिंदू खाटीक आणि मुलाणी पिढ्यान्‌पिढ्या एकाच ओट्यावर काम करीत आले, गावच्या जत्रेत बकरे कापायचा मान मुलाण्याचा होता, ही कामाची वाटणी किती घरांची चूल पेटवते, हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारला असता तरी उत्तर द्यायला आपल्याकडे एकही पाहणी नव्हती. त्याच वर्षी पावसाळ्यात कुरेशी समाजाने त्रासाला कंटाळून जनावरांची खरेदी थांबवली. बाजार ओस पडले, भाकड जनावर दावणीला राहिलेला शेतकरी हवालदिल झाला. तेव्हा कुठे लोकांना कळले की हा माणूस शेतीच्या व्यवहारातली एक कडी होता. काम बंद केल्याशिवाय काम दिसूच नये, ही कसली अवस्था?

सरकारी यादीचे तर विचारूच नका. १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा योजना सुरू झाली, १८ पारंपरिक व्यवसाय धरून. सुतार, लोहार, शिंपी, कुलूपवाला आहेत, ठीक झाले. धनुकलीच्या तातेवर कापूस पिंजणारा पिंजारी त्यात नाही, कलईगर नाही, मोटार मिस्त्री नाही. यादी करणाऱ्याने मुद्दाम गाळले असे म्हणायला माझ्याजवळ पुरावा नाही. यादी करणारा कपाटातले अहवाल काढतो. कपाटात पिंजाऱ्यावर काही नसेल तर तो यादीत कुठून येणार?

आणि आता जातगणना येऊ घातली आहे. केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी निर्णय जाहीर केला, जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली. १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्यांची जात विचारली जाणार. आपल्या मोहल्ल्यांत कुजबुज सुरू आहे : इस्लाममध्ये जात नाही, फक्त ‘मुस्लिम’ लिहा. हे सांगणाऱ्यांत बहुतेक जण असे आहेत ज्यांच्या घरात तीन पिढ्यांत कुणी धार लावली नाही, कापूस पिंजला नाही. इस्लाममध्ये जात नाही हे मलाही मान्य आहे. लग्न ठरवताना आपल्याला ते का आठवत नाही, एवढेच विचारतो. डिसेंबर १९९४ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात मुस्लिम व्यावसायिक जातींना ओबीसी सवलतींची वाट मोकळी झाली. शब्बीर अन्सारींसारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी आयुष्ये घातली. २०१४ मध्ये धर्माच्या नावाने दिलेले पाच टक्के आरक्षण वटहुकमाबरोबर त्याच वर्षी विरून गेले. १९९४ चे धंद्याच्या नावाने मिळालेले टिकले. यावरून काय घ्यायचे ते घ्यावे. मुलाणी असाल तर मुलाणी लिहा, पिंजारी असाल तर पिंजारी. शहरात गेल्यावर ‘शेख’ झालेल्यांनी निदान त्या एका दिवशी आजोबांना विचारून घ्यावे.

पण गणनेतून आकडा मिळेल, कामाची माहिती मिळणार नाही. ती गोळा करायला माणूसच जावा लागतो. निमगाव केतकीच्या पानमळ्यापासून तांबोळ्याच्या टपरीपर्यंत पान किती हातांतून जाते आणि कुठल्या हातात किती पैसे राहतात, हे लिहायला विद्यापीठाची परवानगी लागत नाही. वही लागते आणि रविवार लागतो. आपल्या परिषदांतून दर वर्षी कथा-कवितेला पारितोषिके दिली जातात, द्यावीत. एखादे पारितोषिक गॅरेजच्या, शिवणाच्या, डाळिंबाच्या अशा एका वहीला ठेवायला काय हरकत आहे?

भाचीने पदवी घेतली, नोकरीला लागली, आणि सुट्टीच्या दिवशी गॅरेजांत जाऊन बसू लागली. आधी पोरे लाजली, मग चहा मागवू लागली. तिने एकच प्रश्न ठेवला आहे : तुमचा उस्ताद कोण, आणि उस्तादाचा उस्ताद कोण? अकरा गॅरेजांची नावे झाली आहेत. त्यातली सात एकाच म्हाताऱ्या उस्तादापाशी जाऊन मिळतात. तो म्हातारा सांगतो, त्याचा उस्ताद वालचंदनगरच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता, तिथेच लेथ शिकला. त्याला कुणी शिकवले, ते म्हाताऱ्याला आठवत नाही. “कोई मिस्त्री था बेटी, नाम कौन लिखता?” येत्या रविवारी ती वालचंदनगरला जाणार आहे, जुन्या कामगारांपैकी कुणी भेटते का पाहायला.